गुडघ्यावरची थाप

त्या घरात माझं दुसऱ्यांदा बारसं झालं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव परशुराम, गावात सगळे परशा म्हणायचे. पण अरबांच्या तोंडात प बसत नाही, त्या जागी ब येतो. घराच्या म्हाताऱ्या मालकानं पहिल्या दिवशी नाव विचारलं, मी म्हटलं परशा, तो म्हणाला, "बारशा." मी दोनदा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा तो आणखी मोठ्यानं "बारशा!" म्हणाला आणि माझं मनगट धरून मला खजुरीच्या झाडांकडे घेऊन गेला. तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझ्यापेक्षा हट्टी आहे. त्याला नीट ऐकूच येत नाही हे मला चार दिवसांनी कळलं.

मी तेव्हा विशी ओलांडली होती. त्याआधी एका इमारतीच्या साइटवर घमेली उचलत होतो. तिथल्या फोरमननं आईवरून शिवी दिली म्हणून भरलेलं घमेलं त्याच्या बुटावर पालथं केलं, आणि तिथलं माझं दाणापाणी संपलं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. गावाकडच्या एका ड्रायव्हरनं ओळख काढून मला उम्म अल क्वैनच्या बाजूला खाडीकाठच्या एका मळ्यावर नेऊन सोडलं. तिथं झाडांना पाणी घालायला माणूस हवा होता. खाडीला ते खोर म्हणतात. गाडीतून उतरलो आणि ओहोटीच्या चिखलाचा वास नाकात गेला. परमुलखात आल्यापासून पहिल्यांदा मला आपण कुठं आहोत ते समजलं. आमचं गावही खाडीवरचं. घराच्या मागच्या दारातून खाजणात उतरायचं, पाय पोटरीपर्यंत आत जायचा, आणि वडील पुढून ओरडायचे, "टाच आधी काढ रे, बोटं नको!"

घरात माणसं थोडी. म्हातारा, त्याची बायको, आणि स्वयंपाकाला रत्नागिरीकडचा दाऊद. मुलगा अबुधाबीत मोठ्या नोकरीला, मुलगी मरियम लग्न होऊन गेलेली. तिकडची रीत अशी की कामाच्या माणसांनी मालकाला बाबा म्हणायचं आणि मालकिणीला मामा. बाबा म्हणायला माझी काही हरकत नव्हती. पण बाईमाणसाला मामा? माझा मामा म्हणजे मिशीला तेल लावणारा, बैलासारखा माणूस! मी दाऊदला स्पष्ट सांगितलं, "मी नाय म्हणणार." दाऊद म्हणाला, "मग काय म्हणशील?" मी म्हटलं, "आई म्हणेन." दुसऱ्या दिवशी मी अंगणातून "आई!" अशी हाक मारली आणि ती बिचारी हळदीची पूड घेऊन धावत आली. दाऊदनं तिला कधीतरी सांगितलं होतं की आमच्यात कुणाला लागलं खुपलं की आई गं म्हणून ओरडतात. तिनं माझे दोन्ही पाय उलटे करून पाहिले. काही लागलेलं नाही म्हटल्यावर हळद माझ्याच हातावर ओतली आणि आत निघून गेली. पुढं मात्र ती त्या हाकेला ओ द्यायला लागली, आणि दाऊदनंही चोरून एकदोनदा तिला आईच म्हटलेलं मी ऐकलं आहे.

त्या घराचे आवाज माझ्या कानात अजून आहेत, आणि आता मला दुसरं फारसं काही ऐकू येत नाही म्हणून जास्तच आहेत. पाण्याचं इंजिन दिवसभर ठकठक करायचं, शेळ्या त्याच्याशी भांडल्यासारख्या ओरडायच्या. बाबांचा रेडिओ इतका मोठा की दोन मळे पलीकडच्यांना वेगळा घ्यायची गरज नव्हती. सकाळी गोड शेवयांवर अंड्याची पोळी पसरून द्यायचे. पहिल्या दिवशी मला ते भलतंच वाटलं, गोडावर अंडं! महिन्याभरात मी आईकडं दुसऱ्यांदा ताट पुढं करायला लागलो. रांजणासारख्या भांड्यात वाळवलेली काळी लिंबं असायची, त्यांना लूमी म्हणतात, ती भातात पडली की सगळ्या घराला आंबूस, धुरकट वास यायचा. आता माझी सून सुपरमार्केटमधून तीच लिंबं पाकिटातून आणते. वास येतो, पण तो स्वयंपाकघराच्या बाहेर येत नाही.

हिवाळा लागला आणि खोरावर बदकं उतरली. मीठ चढलेला पांढरा चिखल, मधूनमधून तिवराची झुडपं, आणि भरतीच्या पाण्यावर काळ्या ठिपक्यांच्या रांगा. बाबांनी कापडात गुंडाळलेली दुनळी बंदूक बाहेर काढली तशी आई बडबडायला लागली. दाऊदनं मला अर्थ सांगितला, "ती म्हणते, बहिऱ्या माणसानं शिकारीला जाऊ नये. पाखरं डोक्यावरून जातात आणि हा वाळूत बघत बसतो." बाबांचे कान तरुणपणी मोत्यांसाठी बुड्या मारताना गेले होते. डोळे मात्र घारीचे. पण बदक मागून येतं, आधी त्याच्या पंखांचा आवाज येतो आणि मग ते दिसतं. बाबांना ते दिसायचं तेव्हा ते लांब गेलेलं असायचं. मागच्या दोन हिवाळ्यांत त्यांनी एकही पाडलं नव्हतं.

मला कुणी बोलावलं नव्हतं. मीच दाऊदमार्फत सांगितलं की मला कान आहेत. माझ्या वडिलांनी मला खाजणात बसवून डोळे मिटून पाखरं ओळखायला शिकवलं होतं. शाळेत मी चौथीत दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, पण शिट्टीवरून बदक कुठलं, किती आणि कुठल्या वाऱ्यावर आहे ते मी सांगू शकत होतो. बाबा हसले. तरुणपणी ते गलबतातून मुंबईला माल घेऊन जायचे, त्यामुळे त्यांना मोडकी हिंदी यायची. म्हणाले, "यल्ला बारशा, चलो, कान लाओ."

सकाळची नमाज झाली की आम्ही निघायचो. तिवराच्या झुडपात बाबांनी फांद्यांचा आडोसा केला होता, त्यात दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढीच जागा. बोललो तर पाखरं उडतात, आणि ओरडल्याशिवाय बाबांना ऐकू येत नाही. म्हणून आम्ही खूण ठरवली. लहान बदकं आली तर त्यांच्या गुडघ्यावर एक थाप, मोठी आली तर दोन, आणि हंस आले तर तीन. ज्या बाजूच्या गुडघ्यावर थाप, त्या बाजूनं पाखरं. पहिल्याच दिवशी माझी थाप पडली, बाबा वळले, तोंडात बिस्मिल्ला आणि खांद्याला बंदूक, आणि एक बदक पाण्यात. त्यांनी माझा कान धरून असा हलवला की तो दुपारपर्यंत लाल होता.

तीन थापा मी सबंध मुक्कामात एकदाच दिल्या. फार उंचावरून घोगरा आवाज आला, माझ्या वडिलांनीही क्वचितच ऐकलेला. पाच हंस होते. ते खाली आले, इतके खाली की त्यांचे पाय दिसले. बाबांनी बंदूक उचलली आणि मांडीवर ठेवून दिली. ते गेल्यावर मी खुणेनं विचारलं, का? म्हणाले, "मेहमान." एवढंच. मला तेव्हा राग आला होता. पाच हंस! गावात सांगायला झालं असतं.

आता इथं पाखरू मारायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. बाबा असते तर तेही हेच म्हणाले असते, पण आधी दोन दिवस भांडून.

त्या हिवाळ्याच्या शेवटाला मरियम पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिकडंही हे असंच असतं हे बघून मला गंमत वाटली. सातवा महिना, आणि तिला डोहाळे लागले ते खोरावरच्या बदकाचे. लहानपणी बाबा आणायचे तसं, लूमी घातलेल्या भातावर. अबुधाबीचा भाऊ भेटायला आला होता, तो म्हणाला, शहरात बर्फातलं मिळतं, मी पाठवतो. बाबांना ते ऐकू आलं नाही, पण आईनं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, आणि मग जो आवाज झाला त्यानं शेळ्यासुद्धा गप्प बसल्या. मुलीचा डोहाळा बाप पुरवणार, बर्फ नाही. भाऊ निघून गेला. जाताना मला म्हणाला, "बाबांना सांभाळ, आता त्यांच्यानं होत नाही." मी मान हलवली नाही.

पण बदकं परतीला लागली होती. चार दिवस आम्ही रिकाम्या हातानं आलो. रोज मरियम दारात उभी असायची, कमरेवर हात ठेवून, आणि आमचं रिकामं पोतं बघून हसायची. ते हसणं बाबांना फार लागायचं. मलाही. ती पाखरं आणणं आता माझंही काम झालं होतं.

पाचव्या दिवशी धुकं होतं. उजव्या बाजूनं पंख ऐकू आले, मी दोन थापा दिल्या. बाबांचे दोन्ही बार झाले आणि दोन मोठी बदकं पडली, पण लांब, एका ओहोळाच्या पलीकडं. मी चिखलात घुसलो. टाच आधी, बोटं नंतर. भरती चढत होती, ओहोळ मांड्यांपर्यंत आला होता. पलीकडं पोचलो तर दोन्ही बदकं जिवंत, फक्त पंख मोडलेले, चिखलात फडफडत निघालेली. तेवढ्यात मागून बाबा ओरडले, "खलास! बारशा, खलास! खलास!"

आता खलास म्हणजे काय? ज्या मुलखातून मी आलो तिथं एकच अर्थ. मी एकेक बदक उचललं, वडिलांनी शिकवलं होतं तसं मानेला एक पीळ दिला. आवाजही झाला नाही, पाखराला कळलंही नाही. दोन्ही खांद्यावर टाकून, छातीभर पाण्यातून मी परत आलो. मुंबई जिंकून आल्यासारखा! बाबांनी आधी माझ्या दंडाला धरून मला वर ओढलं, मग माझ्या छातीवर बोट आपटत पाण्याकडं दाखवून काहीतरी रागानं बोलले. मग त्यांनी बदकं पाहिली. उलटीपालटी केली. पोत्यात घातली.

दाऊदनं पोतं उघडलं आणि विचारलं, "सुरी कुणी फिरवली?"

"सुरी कशाला? मान मोडली. साफ काम."

त्यानं पोतं खाली ठेवलं. "अरे परशा, काय केलंस हे! जिवंत हाताला लागलं तर बाबांकडं आणायचं, ते अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवतील तेव्हा हलाल. हे मुर्दार झालं. या घरात कुणी तोंड लावणार नाय."

"बाबाच ओरडले, खलास म्हणून!"

"खलास म्हणजे पुरे रे! बस झालं, मागं फिर! भरती चढत होती, तू बुडशील म्हणून ओरडत होते ते."

मी तिथंच बसलो. दाऊद म्हणाला, "बारानंच मेलेली सापडली असती तर गोष्ट वेगळी. बार टाकताना बाबा बिस्मिल्ला म्हणतात, मग ते चालतं." आणि मग, माझ्याकडं न बघता, कांदा सोलत म्हणाला, "त्यांना धुक्यात दिसलं नसणार. तिथं तू होतास आणि ती बदकं. बदकं काय बोलायची नाहीत. आता तुझं तू बघ."

बाबांनी मला अंगणात बोलावलं. आई होती, मरियम दाराला टेकून उभी होती, दाऊद मागं. बाबांनी दोन्ही बदकं चटईवर ठेवली होती. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "बारशा. तुम पकड़ा तब जिंदा था? या मर गया था?" आणि विचारताना त्यांची मान आपोआप हलत होती, मेलेलीच होती ना, मेलेलीच असणार, अशी. सगळ्यांनाच तसं हवं होतं. मरियमच्या चेहऱ्यावर तर भूक सरळ दिसत होती. आमच्या भाषेत थाप दोन प्रकारची असते. एक मी त्यांच्या गुडघ्यावर रोज मारत होतो. दुसरी तेवढीच हलकी होती, एका शब्दाची, आणि सगळं घर त्या रात्री पोटभर जेवलं असतं. खरं बोललो तर मला वाटत होतं, उद्या परत साइट, नाहीतर गावचं तिकीट.

मी खरं बोललो. पण मी मोठा सज्जन होतो म्हणून नाही, हे इथं लिहून ठेवतो. मला राग आला होता. दोन पाखरं मी छातीभर पाण्यातून आणली, एका पिळात, न तडफडवता. माझ्या वडिलांच्या हातचं ते काम होतं. ते छऱ्याच्या नावावर का घालू? मी म्हटलं, "जिंदा था. मैंने मारा. ऐसा." आणि हातानं पीळ करून दाखवला.

मरियमनं ओढणी तोंडाला लावली. मग बाबा उठले, माझ्यासमोर आले आणि माझ्या दोन्ही कानांवर हात ठेवले. मला वाटलं, आता पिरगाळतात. म्हणाले, "मैं बहरा. तुम मेरा कान. मेरा कान झूठ बोलेगा, तो मैं खलास." आणि या वेळी खलास म्हणजे काय ते मला कुणी सांगावं लागलं नाही.

त्या दिवशी ती बदकं मी एकट्यानं खाल्ली. फेकून द्यायची नाहीत असं आईनंच ठरवलं. इंजिनाच्या खोलीमागं तीन दगड मांडून मी ती शिजवली, दाऊदनं मसाला दिला, भांडं मात्र दिलं नाही, मी पत्र्याच्या डब्यात केली. आईनं लूमी घातलेला भात ताटभर पाठवला. दोन बदकं एका माणसाला फार होतात. पण टाकायची कशी? संपवली, आणि दोन दिवस मला जेवणाचं नाव नको झालं.

तिसऱ्या दिवशी मी बाबांना बंदूक घरी ठेवायला सांगितली. मासे धरायच्या नायलॉनच्या दोरीचे बारीक फासे केले. वडील घोड्याच्या शेपटीचे केस वापरत, पण तिथं घोडा कुठला. ओहोटीला, बदकं चरायला येतात त्या चिखलात खुंट्या मारून फासे पसरले आणि वाट बघत बसलो. बाबा माझ्याशेजारी, बंदूक नसलेले हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे. पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी फडफड ऐकू आली, मी एक थाप दिली, मग पुन्हा एक. लहान होती, पण दोन होती. दोन्ही जिवंत लुंगीत गुंडाळून, एकेक काखेत घेऊन मी घरी आलो. मरियम मला बघून इतकी हसली की आईनं तिला खाली बसवलं. जुळी झाली का रे तुला, असं काहीतरी ती म्हणाली. दाऊदनं पुरतं सांगितलं नाही.

बाबांनी स्वतः सुरी फिरवली. भात झाला, लूमीचा वास पार फाटकापर्यंत आला. सगळे मरियमच्या तोंडाकडं बघत बसलो. तिनं चार घास खाल्ले, थांबली आणि म्हणाली, "लहानपणी लागायचं तसं नाही लागत." दाऊद तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. बाबांना ऐकूच आलं नाही, आणि ते सांगायला त्यांच्या कानात ओरडलं कुणीच नाही. मीही नाही. त्यांनी मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

त्या मळ्यावर मी पुढं बरीच वर्षं राहिलो. मरियमच्या मुलाला मी चिखलातून चालायला शिकवलं. बाबा गेले तेव्हा बंदूक त्यांच्या मुलानं नेली आणि मला त्यांची आडोशातली बसायची चटई दिली. ती आता अबुधाबीच्या अल रीम आयलंडवर, माझ्या मुलाच्या तेविसाव्या मजल्यावरच्या घरात माझ्या पलंगाखाली आहे. सुनेला ती धुवायची आहे. मी देत नाही.

आता माझे कान गेलेत. मुलानं महागाचं यंत्र आणलं, ते कानात शिट्टी मारतं, ती कुठल्याच पाखराची नाही, म्हणून मी ते काढून ठेवतो. माझी नात अन्वी दहा वर्षांची आहे. मराठी तिला समजतं, बोलते इंग्रजी. तिला मी थापांचं सांगितलं आहे. गेल्या आठवड्यात मुलगा आम्हाला तिवरांतल्या लाकडी वाटेवर घेऊन गेला. संध्याकाळ होती, पाणी चढत होतं. मी बाकावर चटई पसरून बसलो, नात माझ्या उजव्या गुडघ्याला गुडघा लावून. अर्धा तास झाला. मी विचारलं, "आलं का गं काही?"

मुलगा तिच्या मागं उभा होता. त्यानं तिला डोळ्यानं खूण केली आणि वाकून काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही, पण माझ्या मुलाचे ओठ मला वाचता येतात. तो म्हणत होता, से येस ना, ही विल बी हॅपी.

अन्वीनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळली आणि मला ऐकू यावं म्हणून अख्ख्या खाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "बट देअर आर नो डक्स! नो, आजोबा! नथिंग!"

होती नव्हती ती पाखरंही त्या आवाजानं उडाली असतील. मुलगा म्हणाला, चला मग, घरी जाऊ. मी म्हटलं, थांबू अजून जरा. तिचा हात तिच्याच मांडीवर होता, आणि तो तिथून हलेपर्यंत मला पाण्याकडं बघायचीसुद्धा गरज नव्हती.